रक्ताची मोजदाद आणि स्तनाचा कर्करोग

ताप हटत नसला, सारखा थकवा येऊ लागला किंवा एखादी शस्त्रक्रिया ठरली, की डॉक्टर पहिल्याप्रथम ‘सीबीसी करून आणा’ असे सांगतात. दंडातून दोन-तीन मिलिलिटर रक्त काढले जाते आणि थोड्या वेळात एक छापील कागद हातात पडतो. त्यावर वीस-पंचवीस आकडे ओळीने मांडलेले असतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर अशा गावांतून ही तपासणी आता सहज होते. कागद घरोघर पोचला. पण तो वाचावा कसा, हे मात्र त्याच्याबरोबर पोचले नाही.

घरातील एखाद्या बाईला स्तनाचा कर्करोग झाला, म्हणजे या कागदाविषयी दोन समजुती हमखास ऐकू येतात. पहिली अगदी सुरुवातीची. छातीत गाठ लागते, दुखत मात्र नाही. रक्त तपासले तर सारे आकडे ठीक. मग घरातील मंडळी म्हणतात, “रक्त तर चांगलं आहे, गाठ साधीच असंल.” आणि सहा महिने निघून जातात. दुसरी समजूत उपचार सुरू झाल्यावरची. सात हजार असलेल्या पांढऱ्या पेशी दहा-बारा दिवसांत दीड हजारावर येतात. लगेच निष्कर्ष निघतो की रोग रक्तात पसरला, औषधाने घात केला, आता पुढची इंजेक्शने नकोत. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्ही जिवावर बेतू शकतात.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण मोजणे आणि मोजलेल्या आकड्याचा अर्थ लावणे हा आमच्या विषयाचा पाया आहे. म्हणून या कागदाकडे त्या बाजूने पाहू.

रक्तातील तीन प्रकारच्या पेशी तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकला आहात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट, जखमेतील रक्त गोठवण्यास मदत करतात. निरोगी स्त्रीच्या एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, साधारणतः ४० ते ५० लाख तांबड्या पेशी, ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी आणि दीड ते चार लाख रक्तपट्टिका असतात. एका पांढऱ्या पेशीमागे सहाशे-सातशे तांबड्या पेशी, असे हे प्रमाण आहे.

या सर्व पेशी एकाच कारखान्यात तयार होतात. तो कारखाना म्हणजे अस्थिमज्जा, हाडांच्या पोकळीतील मऊ गर. मोठ्या माणसात छातीचे मधले हाड, फासळ्या, मणके आणि कमरेची हाडे यांत तो मुख्यतः चालू असतो. त्याचा आवाका केवढा असेल? एका स्त्रीच्या शरीरात ४ लिटर रक्त धरू आणि दर घन मिलिमीटरला ४५ लाख तांबड्या पेशी धरू. एकूण संख्या येते १८ लाख कोटी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे रोज १५ हजार कोटी पेशी मरणार आणि तेवढ्याच नव्या तयार व्हायला हव्यात. दिवसाचे ८६,४०० सेकंद. भागाकार करून पाहा. दर सेकंदाला सतरा लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी! तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या हाडांत कित्येक लाख पेशी तयार झालेल्या असतील. हा आकडा लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टी त्यावरच उभ्या आहेत.

पेशी मोजतात कशा?

पोत्यात ज्वारीचे दाणे किती, हे कोणी सारे दाणे मोजून सांगत नाही. मूठभर घेतो, मोजतो आणि गुणतो. रक्ताचेही तसेच. जुन्या प्रयोगशाळांतून, आणि आजही काही ठिकाणी, न्यूबाउअर यांच्या नावाने ओळखली जाणारी जाड काचपट्टी वापरतात. तिच्यावर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. वर पातळ काच ठेवली की दोन्ही काचांमध्ये बरोबर ०.१ मिलिमीटर जाडीची फट राहते. पांढऱ्या पेशी मोजायच्या तर रक्त वीसपट पातळ करतात. त्यासाठी वापरलेल्या द्रवात सौम्य ॲसिटिक आम्ल असते. त्याने तांबड्या पेशी फुटून जातात आणि गर्दी नाहीशी होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली चार कोपऱ्यांतील चार चौकटींमधील पेशी मोजतात. प्रत्येक चौकट १ मिलिमीटर लांब आणि तेवढीच रुंद. म्हणजे चारही मिळून ०.४ घन मिलिमीटर. वीसपट पातळ केले होते, म्हणून मोजलेल्या संख्येला २० ने गुणायचे आणि ०.४ ने भागायचे. म्हणजेच ५० ने गुणायचे. १४० पेशी दिसल्या तर उत्तर ७,०००.

आता खरी गंमत. त्याच रक्ताचा दुसरा थेंब घेतला तर पुन्हा १४० पेशी दिसतील का? नाही. कधी १३०, कधी १५२. पेशी पातळ द्रवात इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. कोणत्या चौकटीत किती सापडतील हा योगायोगाचा भाग. किरणोत्सर्ग मोजतानाही आम्हांला हीच अडचण येते आणि तिचा नियम सोपा आहे. मोजलेली संख्या जेवढी, तिच्या वर्गमुळाइतका चढउतार नुसत्या योगायोगाने होऊ शकतो. १४० चे वर्गमूळ सुमारे १२. म्हणजे ७,००० या आकड्यात सहाशेची इकडेतिकडे सहज होईल. पण पेशी कमी झाल्या आणि चार चौकटींत २८ च दिसल्या तर? उत्तर १,४००. २८ चे वर्गमूळ पाचाहून थोडे जास्त. म्हणजे हा आकडा खरे तर १,१०० ते १,७०० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. काल १,४०० होत्या, आज १,२०० झाल्या म्हणून रात्रभर जागणाऱ्या नातेवाइकांना हे गणित कोणीतरी सांगायला हवे.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. मोठ्या कागदावर सारख्या मापाच्या शंभर चौकटी आखा आणि वरून मोहरी शक्य तितकी सारखी पसरेल अशी टाका. प्रत्येक चौकटीतील दाणे मोजा. सरासरी ९ दाणे पडत असतील तर बहुतेक चौकटींत ६ ते १२ दाणे सापडतील. सरासरी १०० असेल, तर ९० ते ११०. संख्या वाढली की चढउतारही वाढतो, पण प्रमाणाच्या हिशेबाने पाहिले तर तो कमी होत जातो. म्हणून अधिक पेशी मोजल्या की उत्तर अधिक भरवशाचे.

हीच अडचण अमेरिकेतील वॉलेस कोल्टर यांनी सोडवली. त्यांच्या युक्तीला १९५३ मध्ये पेटंट मिळाले. ही युक्ती दहावीच्या मुलाला समजेल अशी आहे. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. रक्तपेशी मात्र विजेची मंदवाहक. मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे करा, मधल्या भिंतीला एक दशांश मिलिमीटर व्यासाचे छिद्र ठेवा आणि त्यातून अल्पसा विद्युत्‌प्रवाह सोडा. आता रक्त मिसळलेले ते पाणी छिद्रातून ओढून घ्या. पेशी छिद्रात आली की ती तेवढे खारे पाणी बाजूला सारते, विरोध क्षणभर वाढतो आणि विद्युत्‌दाबाचा एक ठोका मिळतो. ठोके मोजा, पेशी मोजल्या गेल्या. शिवाय ठोका जेवढा उंच, तेवढी पेशी मोठी. तांबडी पेशी आणि तिच्याहून कितीतरी लहान रक्तपट्टिका यांतील फरक यंत्राला असा कळतो. आजची यंत्रे याच तत्त्वावर किंवा प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात आणि मिनिटभरात हजारो पेशी मोजतात. दहा हजार मोजल्या तर वर्गमूळ शंभर, म्हणजे चूक शंभरात एक. तरीही आकडे फारच खाली गेले किंवा यंत्राने शंकेची खूण केली, तर तंत्रज्ञाने काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून डोळ्यांनी पाहावे लागते.

गाठ आहे, पण रक्त चांगले

आता पहिल्या समजुतीकडे वळू. स्तनात एक सेंटिमीटरची गाठ आहे असे समजा. तिच्यात ढोबळ अंदाजाने शंभर कोटींच्या आसपास पेशी असतात. ऐकायला आकडा मोठा आहे, पण अंगातील तांबड्या पेशी १८ लाख कोटी! आणि मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. गाठ स्तनात आहे, रक्ताचा कारखाना हाडांत. गाठीमुळे कारखान्याच्या कामात काहीच अडथळा येत नाही. मग मोजदादीत फरक पडावा कशाने? म्हणून सुरुवातीच्या स्तनकर्करोगात सीबीसी बहुतेक वेळा अगदी ठीक असते. रक्तातील पेशींची मोजदाद ही स्तनकर्करोगाची तपासणीच नव्हे. त्यासाठी डॉक्टरांनी हाताने तपासणे, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि सुईने गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच मार्ग आहे. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो आणि त्यांच्यासाठीही मार्ग हाच.

हाताने तपासण्याला कमी लेखू नका. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये एक मोठी पाहणी सुरू केली. शहरातील गरीब वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. दुसऱ्या गटाला माहिती तेवढी दिली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. यंत्र नाही, वीज नाही. फक्त शिकवलेले हात.

याचा अर्थ आरंभीच्या कागदात काहीच सापडत नाही असा नव्हे. आपल्याकडे पुष्कळदा हिमोग्लोबिन आधीच कमी असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तो बहुधा अपुऱ्या आहाराचा असतो. त्याचा दोष गाठीवर घालू नये. पण उपचारापूर्वी तो दुरुस्त करणे हिताचे असते.

रोग फार पुढे गेला तर मात्र चित्र पालटते. स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हा हाडे हे त्याचे नेहमीचे ठिकाण. तो अस्थिमज्जेत शिरला की कारखान्यातच घुसखोरी होते. तिन्ही प्रकारच्या पेशी घटू लागतात आणि एरवी कारखान्याबाहेर न पडणाऱ्या अर्ध्या-कच्च्या पेशी रक्तात दिसू लागतात. ही अवस्था थोड्याच रोग्यांत येते आणि ती ओळखण्यासाठी इतर तपासण्या लागतात. पांढऱ्या पेशींतील दोन जातींच्या गुणोत्तरावरून रोगाची पुढील वाटचाल सांगता येईल काय, यावरही बरेच संशोधन झाले आहे. मोठ्या समूहांत काही संबंध दिसतो. पण एका बाईच्या कागदावरून तिचे भविष्य सांगावे इतका तो पक्का नाही.

परळची गोष्ट आणि बारीची गोष्ट

मग उपचार सुरू झाल्यावर आकडे का कोसळतात? येथे थोडा इतिहास पाहावा लागेल, कारण ही औषधे सापडली तीच मुळी रक्ताच्या मोजदादीतून.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज संशोधिका मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर स्त्रियांना एक विचित्र रक्तक्षय होत असे. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने अवाढव्य! परळच्या हाफकिन संस्थेत बसून लुसी विल्स यांनी त्यांच्या रक्ताचा अभ्यास केला, त्यांच्या आहाराची चौकशी केली, माकडांवर प्रयोग केले. शेवटी १९३१ मध्ये त्यांनी दाखवले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो. अर्कातील तो अज्ञात पदार्थ पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. पेशीचे विभाजन होताना नवे डीएनए तयार व्हावे लागते. त्यासाठी फॉलिक आम्ल हवेच. ते नसले तर पेशी फुगते, पण तिचे दोन भाग होत नाहीत.

आता उलटा विचार करा. कर्करोगाच्या पेशी भराभर विभागतात. त्यांना फॉलिक आम्लच मिळू दिले नाही तर? आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने फॉलिक आम्लाची नक्कल करणारे, पण त्याचे काम न करणारे रेणू तयार केले. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये असा एक पदार्थ रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना देऊन रोग काही काळ मागे हटतो असे दाखवले. त्याच घराण्यातील औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट.

दुसरी गोष्ट युद्धातील. २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. बुडालेल्या जहाजांपैकी ‘जॉन हार्वे’ या जहाजावर गुप्तपणे मस्टर्ड वायूचे बाँब आणलेले होते. सहाशेहून अधिक सैनिक आणि खलाशी या विषाने भाजले; त्यांतील ऐंशीहून अधिक दगावले. तपासास आलेल्या डॉक्टर स्टुअर्ट अलेक्झांडर यांना रक्ताच्या नोंदींत एक गोष्ट ठळकपणे दिसली. रोग्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने नाहीशा होत होत्या. विभागणाऱ्या पेशींना हे विष नेमके गाठते, हे त्यावरून पुन्हा स्पष्ट झाले. त्याआधी १९४२ मध्येच येल विद्यापीठात त्याच्या जवळच्या एका रसायनाचा कर्करोगावर गुपचूप प्रयोग सुरू झाला होता. या विषाचे माणसाळवलेले रूप म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. ते १९५० च्या दशकात जर्मनीत तयार झाले आणि स्तनकर्करोगासाठी आजही वापरले जाते.

या दोन औषधांना फ्लुओरोयुरॅसिल या तिसऱ्याची जोड देऊन इटलीतील मिलान येथे बोनादोन्ना यांनी ती शस्त्रक्रियेनंतर स्तनकर्करोगाच्या रोग्यांना दिली. रोग उलटण्याचे प्रमाण त्यामुळे घटते, हे त्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल अशी अधिक प्रभावी औषधे आली आणि हे जुने त्रिकूट मागे पडले. डॉक्सोरुबिसिनचा रंग लालभडक असतो. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले तेही परळमध्येच, हाफकिन संस्थेच्या अगदी जवळ. लुसी विल्स यांनी ज्या भागात मोठ्या तांबड्या पेशी मोजल्या, तेथेच पुढे त्या शोधातून निघालेली औषधे रोग्यांना दिली जाऊ लागली.

हौद, रांजण आणि बंद नळ

शेतात तणनाशक फवारताना वारा फिरला तर कपाशीही होरपळते. ही औषधे तशीच आहेत. भराभर विभागणारी कोणतीही पेशी त्यांच्या तडाख्यात सापडते. मग ती गाठीतली असो, केसांच्या मुळातली असो की अस्थिमज्जेतली. दर सेकंदाला लाखो पेशी घडवणारा कारखाना यातून सुटणार कसा? म्हणजे पांढऱ्या पेशी घटल्या याचा अर्थ रोग रक्तात आला असा नाही. औषधाने कारखान्याचा नळ काही दिवस बंद केला, एवढाच त्याचा अर्थ.

पण नळ बंद झाला तर तिन्ही पेशी सारख्याच का घटत नाहीत? उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या आमच्या गावांत हे गणित वेगळे शिकवावे लागत नाही. मोठा हौद आणि लहान रांजण दोन्ही भरलेले आहेत आणि रोजचा खर्च सारखाच आहे. आधी काय रिकामे होईल? रांजण. तांबडी पेशी १२० दिवस जगते. हा मोठा हौद. दहा दिवस नवी पेशी आलीच नाही, तरी बाराव्या हिश्श्याइतकीच घट. हिमोग्लोबिन १२ चे ११ होईल, बस. रक्तपट्टिका आठ-दहा दिवस जगतात, त्या मध्यम. आणि पांढऱ्या पेशींतील न्यूट्रोफिल, ज्या जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडतात, त्या रक्तात जेमतेम काही तास ते दिवसभर राहतात. हा रांजण.

मग न्यूट्रोफिल दुसऱ्याच दिवशी संपायला हव्यात. तसे होत नाही. कारण कारखान्यात अर्धवट तयार झालेला माल असतो. त्या पेशींचे विभाजन उरकलेले असते, फक्त पक्व होणे बाकी असते. औषध त्यांना फारसे इजा करत नाही. हा साठा पाच-सहा दिवस पुरतो आणि मग घसरण दिसू लागते. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी आकडा तळाला पोचतो. दरम्यान अस्थिमज्जेतील मूळ पेशी, ज्या औषध आले तेव्हा बहुतेक विसावलेल्या होत्या आणि म्हणून वाचल्या, पुन्हा कामाला लागतात. एकविसाव्या दिवसापर्यंत रांजण पुन्हा भरतो. पुष्कळ औषधे दर एकवीस दिवसांनी दिली जातात त्यामागे मुख्यतः हेच गणित आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. औषधाच्या दिवशी पांढऱ्या पेशी ६,८००, सातव्या दिवशी ३,९००, बाराव्या दिवशी १,४००, एकविसाव्या दिवशी ५,२००. डॉक्टर केवळ या आकड्यांवर थांबत नाहीत. ते त्यांतील न्यूट्रोफिल किती हे पाहतात. बाराव्या दिवशी शंभरांत ३५ न्यूट्रोफिल असतील तर १,४०० गुणिले ०.३५ बरोबर ४९०. हा आकडा १,५०० च्या खाली गेला की कमतरता म्हणतात आणि ५०० च्या खाली गेला की ती गंभीर समजतात. पुढचे औषध देण्यापूर्वी तो साधारणतः १,५०० च्या वर, काही पद्धतींत १,००० च्या वर, आणि रक्तपट्टिका लाखाच्या आसपास किंवा वर असाव्यात अशी अट असते.

या तळाच्या दिवसांत खरा धोका आकड्याचा नसून जंतूंचा आहे. एरवी जखमेत जंतू शिरले की जागा लाल होते, सुजते, पू होतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल. त्या नसल्या तर पू नाही, सूजही बेताची. शरीरात जंतूंचा धुमाकूळ चालू असतो आणि बाहेर दिसतो तो फक्त ताप. म्हणून औषधानंतरच्या त्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर ती तातडीची वेळ समजतात. घरी क्रोसिनची गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. गोळीने ताप उतरतो आणि एकुलती एक खूणही पुसली जाते. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचे आणि दारातच सांगायचे की केमो चालू आहे. प्रतिजैविके काही तासांत सुरू झाली तर बहुतेक रोगी यातून सुखरूप निघतात. अशा घरी चांगला थर्मामीटर हवा आणि तो वाचता येणारे शाळेतील मूल हवे!

पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी पपईच्या पानांचा रस, बीट, डाळिंब असे अनेक उपाय शेजारीपाजारी सांगतात. बिटाचा लाल रंग हा वनस्पतीचा रंग; त्याचे रक्त होत नाही. चौरस आहार अवश्य घ्यावा. कोणताही पाला वा काढा मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, कारण औषधाशी त्याचा कसा मेळ बसेल हे सांगता येत नाही. कारखान्याला जागे करणारा खरा निरोप्या आपल्या शरीरातच असतो. ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड मेटकाफ आणि इतर संशोधकांनी असे निरोप देणारी प्रथिने शोधून काढली. त्यांपैकी न्यूट्रोफिल वाढवणारे प्रथिन जीवाणूंकडून तयार करवून घेऊन १९९१ पासून औषध म्हणून वापरात आले. आज ते भारतातही बनते. हे इंजेक्शन केमोनंतर निदान एक दिवस जाऊ देऊन देतात. कारण उघड आहे. औषध अंगात असतानाच मज्जेतील पेशींना विभाजनास उठवले, तर त्या आयत्याच त्याच्या तावडीत सापडतील. इंजेक्शनानंतर कंबर आणि हाडे ठणकतात. कारखाना जोरात सुरू झाल्याची ती खूण.

किरणोपचाराचा परिणाम यापेक्षा सौम्य असतो. छातीवर किरण देताना फासळ्या आणि छातीचे हाड यांतील थोडीच मज्जा वाटेत येते. पांढऱ्या पेशींतील लिंफोसाइट ही जात किरणांपुढे फार नाजूक, त्यामुळे ती काहीशी घटते. इतर आकडे बहुधा टिकून राहतात.

आमच्या जिल्ह्यातून कोणी अकोल्यास, कोणी नागपूरला, तर कोणी मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी धरून मुंबईस उपचाराला जाते. एकविसाव्या दिवशी तेथे पोचावे आणि कळावे की पेशी भरल्या नाहीत, आठवड्याने या, यात पैसा आणि शक्ती दोन्ही जातात. आपल्या डॉक्टरांना विचारून निघण्याच्या एक-दोन दिवस आधी गावातच सीबीसी करून आकडे फोनवर कळवता येतात. आठवडाभराचा उशीर झाला म्हणून उपचार वाया जात नाही. शेवटची मात्रा संपल्यावर पांढऱ्या पेशी तीन-चार आठवड्यांत बहुधा मूळ पातळीजवळ येतात. हिमोग्लोबिनला मात्र काही महिने लागतात. मोठा हौद रिकामा व्हायला वेळ लागतो, तसा भरायलाही.